मालकाला हेल्मेट, कुत्र्याला दोरी

पुण्यात पहाटे सायकलला कुत्रा बांधून निघालेले गृहस्थ दिसतात. स्वतःला हेल्मेट, हातमोजे, नाडी मोजणारं घड्याळ. कुत्र्याच्या गळ्यात नायलॉनची दोरी, तिचं दुसरं टोक हँडलला. मांजर आडवं गेलं की कोण कोणाला फिरवतंय, ते चौकाला कळतं. हार्नेस घेतलाच तर टी-शर्टला मॅचिंग! छातीवर वाय आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत घट्ट, मागे सरकून निसटू नये म्हणून फासळ्यांमागे आणखी एक पट्टा, आणि दोरी हँडलऐवजी सीटखालच्या स्प्रिंगवाल्या दांड्याला... एवढं बघायला वेळ कुणाला? ऊन चढलं की डांबर तापलंय हे आधी उघड्या पंजांना कळतं. कुत्रा रस्त्यातच बसकण मारतो. मालक धापा टाकत म्हणतात, ‘‘हल्ली आळशी झालाय मेला!’’