अर्ध्या तिकिटात पूर्ण प्लेट

संगमनेरचं नाव महाराष्ट्रभर पोचवलं ते दोघांनी: शाहीर अनंत फंदींनी आणि गाय छाप जर्द्यानं. एक कानात शिरला, दुसरा ओठाखाली राहिला. फंदी (1744–1819) आपल्या फटक्यात सरळ रस्ता सोडू नकोस म्हणून बजावून गेले. आमच्या गावाला लाभलेला सरळ रस्ता म्हणजे नाशिक-पुणे. नोकरीत असताना मी तो फक्त ओलांडत होतो. निवृत्त झाल्यावर त्याला लागलो, तेही खाण्यासाठी.

याचं श्रेय एसटीला. पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट होतंच. 17 मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं झालं. म्हणजे कंडक्टरच्या लेखी आम्ही नवराबायको मिळून एक प्रवासी. उभ्या संसारात जी एकी आम्हाला जमली नव्हती, ती त्यानं मशिनचं बटण दाबून करून दिली.

मी हिशेबनीस होतो. वाचलेला पैसा कुठल्या खाती टाकायचा, हा प्रश्न मला झोपू देत नाही. सौभाग्यवतींना असे प्रश्न पडत नाहीत. "मिसळखाती टाका," त्या म्हणाल्या, आणि आम्ही नाशिकच्या गाडीत बसलो.

बाहेर जेवायला निघताना सोबत डबा घ्यायचा, हा आमच्या पिढीचा धर्म. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याच्या दोन फोडी. "वाटेत लागलं तर." ते नांदूर शिंगोटेच्या आधीच लागलं. पुढच्या सीटवरचे गृहस्थ वासानं वळले.

"नाशिकला का?"

"हो."

"दवाखाना?"

"नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "मग... रामकुंड?"

आमच्या वयाच्या माणसाला नाशकात ही दोनच कामं असू शकतात, याबद्दल सगळ्या गाडीचं एकमत दिसलं. "मिसळ खायला चाललोय," मी म्हणालो. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग सौभाग्यवतींकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, कधीपासून असं होतंय?" सिन्नर आलं, गोंदेश्वराच्या मंदिराविषयी मी दोन माहितीपूर्ण वाक्यं बोललो, तेव्हा कुठे त्यांना जरा धीर आला.

नाशकात मिसळ खायला शेतात जावं लागतं. मखमलाबाद आणि गंगापूर रोडच्या बाजूला मिसळीची हॉटेलं अशी पसरली आहेत, की आधी पार्किंग लागतं, मग बाग, मग झोपाळे आणि सगळ्यात शेवटी मिसळ. रविवारी नंबर लावायचा आणि नावाचा पुकारा होईपर्यंत झोपाळ्यावर बसायचं. सरकारी दवाखान्यात नाव पुकारतात तेव्हा छातीत धस्स होतं. इथे तोंडाला पाणी सुटतं.

ताट आलं. मटकी, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड, पाव, कडेला जिलेबी आणि मधोमध काळ्या मसाल्याचा रस्सा. वरच्या तर्रीत मला माझं टक्कल दिसलं. "रस्सा हवा तेवढा मागा," पोऱ्या म्हणाला. ज्या माणसानं आयुष्यभर पै-पैचा ताळा जमवला, त्याच्यापुढे असं बेहिशेबी वाक्य बोलू नये. मी मागत गेलो. डोळ्यांतून, नाकातून आणि पुढे पुढे कानांतूनही वाफा निघू लागल्या. पण फुकटाला नाही म्हणायची सवय नव्हती. तोवर सौभाग्यवती पोऱ्याची उलटतपासणी घेत होत्या. खोबरं भाजून की कच्चं? दगडफूल किती? तो शेवटी मालकाला घेऊन आला. मालकानं सगळं सांगितलं, फक्त मसाला सांगितला नाही.

दुसऱ्या खेपेला एका वायनरीत गेलो. द्राक्षांच्या गावाला जाऊन द्राक्षांची पुढची गत बघायची नाही, हे बरं नव्हे. आम्ही दोघं घेणारे नव्हे, पण "नुसतं बघायला" तिकीट काढलं, आणि काढलेलं तिकीट वाया घालवणं हे मद्यपानापेक्षा मोठं पाप. एका तरुणानं पेल्यात तीन घोट ओतले आणि तो पेला गोल गोल फिरवायला लागला. आम्हीही फिरवला. मग म्हणाला, वास घ्या. मग म्हणाला, पीच येतंय का? आमच्याकडे डाळिंब येतं, टोमॅटो येतो, ऊस तर येतोच. पीच कसं येणार? सौभाग्यवतींनी दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला: "आमसुलाचं सार काल करून आज गरम केल्यासारखं." तो मुलगा घाबरून पुढच्या टेबलाकडे गेला. मी मात्र दोन्ही पेले संपवले. पैसे भरले होते.

घरी येऊन ताळेबंद मांडला. एसटीनं वाचवलेले जमेला, नाशकात उडवलेले नावे. तूट एवढी निघाली, की पूर्ण तिकीट काढून घरीच बसलो असतो तर फायद्यात राहिलो असतो. सौभाग्यवतींना वही दाखवली. त्यांनी मागचं पान उलटून नवी यादी केली: जळगावचं भरीत, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, नागपूरचं सावजी. प्रवरेकाठी फिरायला येणारे आमचे एक ज्येष्ठ मित्र पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत. 26 ऑगस्ट 2022 पासून त्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून ते काठावर क्वचितच दिसतात. वाढदिवसाची इतकी घाई मला बालपणीही नव्हती.

"आणि माझं कोलेस्टेरॉल?" मी विचारलं.

"त्याची सोय केलीय. नाशिकच्या लॅबमध्ये नाव घातलंय. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं," त्या म्हणाल्या, "म्हणजे मिसळीच्या वेळेपर्यंत भूक चांगली लागेल."