कटऑफचा बस्ता

मोताळ्यात बारावीचा निकाल लागल्यापासून पोळ्यापर्यंत माझ्या शब्दाला जे वजन येते, ते महसूल खात्यात उभी हयात घालवून अव्वल कारकुनाच्या खुर्चीपर्यंत पोहोचलो तेव्हाही कधी आले नव्हते. नोकरीच्या काळात ज्यांनी मला केवळ उत्पन्नाच्या दाखल्यापुरता नमस्कार केला आणि दाखला हाती पडताच रस्ता बदलला, तेच सद्गृहस्थ आता चिरंजीवांना पुढे घालून, वहाणा पायरीखाली जोडीने लावून, कमालीच्या विनयाने विचारतात, "भाऊसाहेब, याचा नंबर लागन का?" कुठे, हे विचारण्याचे प्रयोजन नसते. अभियांत्रिकीचा उमेदवार असेल तर पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय. डॉक्टरकीचा असेल तर सरकारी मेडिकल, मग ते गोंदियाचे का असेना. मी लगेच उत्तर देत नाही. चष्मा पुसतो, आत हाक मारून चहा सांगतो आणि मगच फडताळातला बस्ता काढतो. कारण उत्तर चटकन दिले तर ते कोणालाही देता आले असते असा लोकांचा ग्रह होतो.

हा बस्ता म्हणजे सीईटी सेलने प्रसिद्ध केलेल्या मागील काही वर्षांच्या कटऑफ याद्या. त्या छापून घेऊन, दाभणाने शिवून, तहसिलीतल्या जुन्या दफ्तराला बांधतात तशा लाल फडक्यात मी बांधून ठेवल्या आहेत. वास्तविक याच याद्या आज गावातल्या प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये आहेत. परंतु मोबाइलमधल्या यादीला गाठ नसते, आणि गाठ सोडल्यावाचून निघणाऱ्या आकड्यावर आमच्या भागात कोणाचा विश्वास बसत नाही. प्रत्येक पानावर महाविद्यालय, त्याखाली शाखा, आणि रकान्यांच्या माथ्यावर अशी सांकेतिक अक्षरे की ज्यांच्यापुढे मोडीतले कुळखातेही बाळबोध वाटावे. आरंभी 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींची, मध्ये प्रवर्ग, अखेरीस 'एच', 'ओ' किंवा 'एस', म्हणजे गृह विद्यापीठ, बाहेरचे विद्यापीठ आणि राज्यस्तर. रकान्यात गुणवत्ता क्रमांक आणि कंसात परसेंटाइल, तेही दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत. बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी फुटलेली डोकी मी जवळून पाहिली आहेत. पण सातव्या दशांश स्थळासाठी रात्र रात्र जागणारी कुटुंबे प्रथम पाहिली ती या बस्त्याच्या कृपेने.

परसेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे समजावून देणे हा माझा वार्षिक कीर्तनाचा विषय आहे. परीक्षा 200 गुणांची, ती अनेक पाळ्यांत होणार, एका पाळीचा पेपर सोपा तर दुसरीचा अवघड. म्हणून मुलाला गुण किती पडले यापेक्षा त्याच्या पाळीत शंभरातले किती जण त्याच्या बरोबरीने वा मागे राहिले, एवढेच त्या आकड्यात सांगितलेले असते. हे मी इतक्या प्रसन्न गांभीर्याने सांगतो की ज्याला गणिताने मॅट्रिकला केवळ दयाबुद्धीने पार जाऊ दिले तोच हा गृहस्थ, याची शंकाही कोणाला येत नाही. ऐकून घेतल्यावर बाप मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हंजे अठ्ठ्यान्नव टक्केच ना?" मी पुढच्या पानाकडे वळतो.

गृह विद्यापीठाचे प्रकरण याहून नाजूक आहे. मोताळ्याच्या मुलाचे गृह अमरावतीस. जळगाव कितीतरी जवळ असले, बाजारहाट आणि सोयरीक तिकडे चालत असली, तरी मलकापूर ओलांडून मुक्ताईनगराकडे गेले की आमची मुले शासनदरबारी परकी ठरतात. पुण्याच्या खाजगी महाविद्यालयात तर ती दुहेरी परकी. सीओईपीसारख्या ठिकाणी मात्र राज्यस्तराचा रकाना असतो, आणि तेवढ्यापुरता महाराष्ट्र एक असतो. या सीओईपीविषयी मला विशेष ममत्व आहे. 1854 साली बांधकाम खात्याच्या दुय्यम अंमलदारांना शिकवण्यासाठी पुण्यात जो एक वर्ग उघडण्यात आला, त्याचेच पुढे हे महाविद्यालय झाले आणि 2022 साली विद्यापीठ. म्हणजे मुळात ती संस्था माझ्यासारख्या दुय्यम अंमलदारांसाठीच काढली होती! मध्यंतरी तीत विश्वेश्वरय्यांसारखे लोक शिकून गेल्यामुळे तिचा दर्जा वाढला आणि आमची सोय गेली.

आता विषयांतर होणार आहे. पण बुलढाणा जिल्ह्यात राहून भाकितांविषयी लिहायचे आणि भेंडवळचे नाव घ्यायचे नाही, हा कृतघ्नपणा माझ्याने होणार नाही. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात घट आखला जातो. त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, करडई, सरकी अशी अठरा धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि तिच्या अंगाखांद्यावर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, भजे, वडा, करंजी असा सुखवस्तू घरच्या सणाचा सारा थाट. पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य कुठे सरकले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून वाघ घराण्यातले महाराज वर्षाचे भाकीत उच्चारतात. चंद्रभान महाराजांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही रीत घातली असे सांगतात. विदर्भ, खानदेश, मराठवाडा अशा तिन्ही मुलखांतले शेतकरी ते ऐकायला जमतात. शास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी आक्षेप घेतात, आणि दरवर्षी गर्दी होते.

मला त्या मांडणीपेक्षा तिच्या भाषेचे कौतुक अधिक वाटते. तूर मोघम. ज्वारी साधारण. कपाशी चांगली, भावात तेजी-मंदी. राजा कायम. पाहा, या शब्दांना कुठे पकडाल? 'मोघम' या शब्दावर आजवर कोणाला जप्ती आणता आलेली नाही. साधारण पीक आले तर भाकीत खरे. अधिक आले तर शेतकरी आनंदात असतो आणि आनंदातला मनुष्य तक्रार करीत नाही. कमी आले तर तो इतका गांजलेला असतो की भेंडवळपर्यंत भांडायला जाण्याचे एसटीचे भाडे त्याच्याजवळ उरत नाही. आम्ही महसुलातली माणसे नजरअंदाज आणेवारी काढत असू तेव्हा याच कलेची उपासना करीत होतो. फक्त आमच्याजवळ करंजी नव्हती. पुढे निवृत्त होऊन मी या नव्या व्यवसायात शिरलो, तेव्हा ही परिभाषा जशीच्या तशी उचलली, आणि आजही पोराचे स्कोअरकार्ड पाहून, बस्त्यावर तळहात ठेवून, शक्य तितक्या खर्जात सांगतो: "पुणे मोघम, सांगली साधारण, शेगाव कायम." ऐकणारा तृप्त होऊन उठतो. माझ्यावर अद्याप कोणत्याही समितीने आक्षेप घेतलेला नाही, कारण माझी ढेकळे शासनाच्या संकेतस्थळावरून आलेली असतात.

मेडिकलच्या बाबतीत तर या परिभाषेनेच माझी अब्रू राखली. 2024 साली नीटच्या निकालात 720 पैकी 720 गुण मिळवणारे 67 विद्यार्थी निघाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सुधारित निकालात ते 17 वर आले. त्या साली गुणांचा असा काही महापूर होता की आदल्या वर्षी ज्या गुणांवर सरकारी जागा पदरात पडली असती, त्याच गुणांचे पोर रांगेत दिसेनासे झाले. मी बस्त्यात नवे आकडे शिवतो न शिवतो तो 2025 चा पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिला आलेल्याला 686 गुण. गेल्या सालच्या आकड्यांवरून यंदाच्या पोराचे नशीब सांगणारा मनुष्य अशा वेळी काय करील? ती दोन्ही वर्षे मी निव्वळ 'मोघम' या एका शब्दावर काढली, आणि चहा नेहमीइतकाच खपला.

असो. मागच्या एका हंगामात, कपाशीची पहिली डवरणी चालू असताना, धामणगाव बढ्याच्या बाजूचा एक कास्तकार मुलीला घेऊन आला. खताच्या दुकानाच्या पिशवीतून त्याने कागद काढले. युरियाची पावती आणि मुलीचे स्कोअरकार्ड एकाच घडीत होते. परसेंटाइल नव्याण्णवच्या वर. मी सरसावून बसलो. असा आकडा आमच्या पायरीला वारंवार येत नाही. गाठ सोडली, पाने उलटली आणि राज्यस्तराच्या रकान्यावर बोट ठेवून प्रवचनास आरंभ केला. मुलगी दाराजवळ बसून ऐकत होती. जरा वेळाने म्हणाली, "आजोबा, हा सेकंड राउंडचा कटऑफ आहे. फर्स्टचा अलीकडच्या पानावर आहे." पान अलीकडेच होते.

चहा झाला आहे असे आतून कळताच ती कप आणायला उठली. ती दाराआड होताच बाप पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही नाई म्हना. पुन्याले नाई लागत म्हना. तुमचं आयकते ते. माह्या तोंडातून निंगत नाई."

एवढी वर्षे माझ्या 'मोघम'वर समाधान पावून उठणारे बाप मी पाहत आलो होतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो हलकेपणा माझ्या विद्वत्तेविषयीचा आदर आहे असे समजून मनातल्या मनात फुगत आलो होतो. त्यांतल्या कितीजणांना आकडा हवा होता आणि कितीजणांना फक्त नकार, जो घरात कोणालाही द्यायचा नव्हता म्हणून बाहेरून विकत घ्यायचा होता? आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातील मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शासनाने 2024 च्या जुलैत माफ केली, ही गोष्ट त्या बापालाही ठाऊक होती. पण पुण्यातली खोली, मेस, जाण्यायेण्याचे भाडे, आजारपण यांना कोणी माफी दिलेली नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे, पण तो अर्जाच्या वाटेने मागाहून येणार, आणि मेसवाला पहिला महिना आगाऊच मागणार. ज्या महिन्यात प्रवेशाच्या फेऱ्या, त्याच महिन्यात शेतात बियाणे, खत, निंदणाची मजुरी. घरात रोकड म्हणून असते ती नेमकी तेव्हा मातीत पुरलेली असते.

मुलगी कप घेऊन आली. मी बस्ता पुन्हा पाहिला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच कोणतीही परिभाषा न वापरता सांगितले, "लागतो. संगणक नाही मिळणार, पण विद्युत किंवा यंत्र शाखेला लागतो." बापाने माझ्याकडे जसे पाहिले तसे नोकरीत दाखला नाकारतानाही कोणी पाहिले नव्हते.

"मले माहीत आहे," मुलगी म्हणाली. "पन मी फॉर्ममधी शेगाव एक नंबरला टाकलं." पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, पुढचे दार बंद होते, हा नियम तिला माझ्यापेक्षा चोख पाठ होता. शेगावचे कॉलेज काही वाईट नाही. 1983 पासून या मुलखातली कितीतरी मुले तिथून इंजिनिअर होऊन बाहेर पडली आहेत. पण तिने ते पहिल्या जागी टाकले होते ते पुण्याचा प्रश्न घरात निघूच नये म्हणून. बाप बराच वेळ बशीकडे पाहत राहिला. मग चिडून, जणू तिने घरातले काही चोरून विकले असावे अशा सुरात म्हणाला, "कोनं सांगतलं होतं तुले? पुनं वर घे." मुदत संध्याकाळपर्यंत होती. तिने तिथेच मोबाइल काढला, आणि मोताळ्याच्या रेंजने त्या दिवशी अपवादात्मक सौजन्य दाखवले.

पुढे तिला काय मिळाले हे मी येथे लिहीत नाही. लिहिले तर पुढच्या जूनमध्ये माझ्या पायरीशी वहाणांना जागा पुरणार नाही, आणि ती गर्दी पाहून मी पुन्हा खर्जात बोलू लागेन, ही माझी जुनी खोड मला ठाऊक आहे.

यंदा येणाऱ्या पालकांना मात्र विनंती आहे. स्कोअरकार्डाबरोबर जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाइलची झेरॉक्स आणा. मुलाला किंवा मुलीला आणा, कारण पाने तेच लवकर शोधतात. आणि नाही म्हणायचे असेल तर ते घरीच म्हणून या, माझ्याकडून वदवून घेऊ नका. ऑप्शन फॉर्मच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता दार ठोठावू नये. त्या वेळी सर्व्हर चालत नाही, आणि मी नऊलाच झोपतो.