हिरव्या पट्ट्यांना हात लावू नका

‘संगणक सुसाट करून देतो’ असं सांगत घराघरांत शिरलेल्या त्या मोफत प्रोग्रॅमच्या निर्मात्यांस,

तुमचं नाव मी लिहीत नाही. तुमच्यासारखे ढिगाने आहेत आणि सगळ्यांच्या पडद्यावरची भाषा एकच आहे. उघडल्या उघडल्या लाल रंग, त्यात चार आकडी संख्या, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ ही धमकी आणि खाली पैसे भरायला लावणारं लुकलुकणारं बटण. त्या बटणाशेजारी तुम्ही मोठ्या अभिमानाने एक वाक्य छापलं आहे: विंडोजलाही ज्या संरक्षित सिस्टिम फाइली हलवता येत नाहीत, त्या आम्ही डिफ्रॅग करतो. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे, कारण तुमच्या धंद्याची सगळी लबाडी त्यात गोळा झाली आहे.

डिफ्रॅग हा शब्द तुम्ही उचललात तो एका खऱ्या दुखण्यातून, हे आधी मान्य करतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारं डोकं पुढेमागे सरकतं. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी डिस्क असेल, तर हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसतं थांबावं लागतं. डोकं सरकण्याचा वेळ वेगळाच. एका फाइलचे शंभर तुकडे शंभर ठिकाणी पडले, तर हे थांबणं शंभरदा. म्हणून १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर असे तुकडे जोडून फाइल सलग करणारं डिफ्रॅग आलं, विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात ते घरोघरी चाललं. पडद्यावरचे चौकोन एकेक करून जागेवर बसताना बघत बसलेली एक अख्खी पिढी आज पन्नाशीकडे आली आहे. त्या काळी त्याचा फरक पडायचा. डोळ्यांना दिसायचा.

तुम्ही त्या आठवणीवर पोट भरता आहात.

विंडोज एक्सपीचं डिफ्रॅग ज्यांनी चालवलं त्यांना रंगीत पट्टा आठवेल. लाल म्हणजे तुकडे झालेल्या फाइली, निळा म्हणजे सलग, पांढरा म्हणजे मोकळी जागा. आणि हिरव्या? त्या न हलणाऱ्या. कितीही वेळा डिफ्रॅग करा, हिरवे पट्टे जिथल्या तिथे. नीटनेटकेपणाची आवड असलेल्या माणसाला ते खुपायचे, आणि तुम्ही नेमकं त्या खुपण्यावर बोट ठेवलंत.

पण त्या हिरव्या पट्ट्यांत काय असतं, हे तुम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगितलंत? पेजफाइल डॉट सिस असते. रॅम कमी पडली की विंडोज तिथे मेमरीतला मजकूर उतरवून ठेवते. संगणक हायबरनेट करताना, म्हणजे पूर्ण वीज बंद करून झोपवताना, रॅममधलं सगळं ज्यात साठवलं जातं ती हायबरफिल डॉट सिस असते. आणि असतं मास्टर फाइल टेबल, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेचं तलाठी दप्तर. कुठली फाइल कुठल्या गटात आहे, किती जागा तिच्या नावावर आहे, हे सगळं तिथे नोंदलेलं. फाइल हलली की त्या दप्तरात फेरफार व्हायलाच हवा. ते दप्तर स्वतः कुठून सुरू होतं, तो पत्ता डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये लिहिलेला असतो. विंडोजची सेटिंग्ज ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या फाइलीही अशाच, संगणक चालू असेपर्यंत सतत उघड्या.

या फाइलींना कुलूप आहे ते मायक्रोसॉफ्टच्या आळसामुळे नाही. यंत्र त्या क्षणी त्या वापरत असतं म्हणून आहे. १९९६ च्या विंडोज एनटी ४ पासून फाइल हलवण्याची अधिकृत सोय विंडोजमध्ये आहे, आणि ती सावधपणे बांधलेली आहे: आधी मजकुराची प्रत नव्या जागी, मग नोंदीत बदल, मग जुनी जागा मोकळी. मध्येच वीज गेली तरी फाइल बहुधा शाबूत राहते. तुमची बढाई ही, की जिथे ही सोय नकार देते तिथेही आम्ही जातो. त्यासाठी तुम्ही स्वतःचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसवता आणि संगणक सुरू होताना, विंडोज पुरतं जागं व्हायच्या आत, काम उरकता. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात, यूपीएस नसलेल्या घरात, एखाद्या विद्यार्थिनीच्या एकुलत्या एक संगणकावर तुम्ही हे करता. तिला तुम्ही विचारलंत का, की बॅकअप आहे का? तुमच्या पडद्यावर तो प्रश्नच नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे काम सगळ्यात आधी आम्ही नाही केलं. खरं आहे. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी सिसइंटर्नल्स या आपल्या संकेतस्थळावरून ‘पेजडिफ्रॅग’ नावाचं छोटंसं साधन दिलं होतं. तेही संगणक सुरू होताना पेजफाइल आणि रजिस्ट्रीच्या फाइली सलग करायचं. पण त्यात लाल भीती नव्हती, पैसे नव्हते. आधी प्रत्येक फाइलचे किती तुकडे आहेत ते दाखवायचं आणि निर्णय वापरणाऱ्यावर सोडायचं. एनटी ४, २०००, एक्सपी, सर्व्हर २००३ यांच्यापुरतं ते होतं. व्हिस्टा आल्यावर ते मागे पडलं. ज्या माणसाला विंडोजचं पोट कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक, त्याचं साधन जिथे थांबलं तिथून तुमची दुकानं सुरू झाली.

आणि फायदा किती? याचं उत्तर तुमच्या जाहिरातीत मिळणार नाही, पण विंडोज ७ बांधणाऱ्या अभियंत्यांनी २००९ साली ते छापलं. पेजफाइल कशी वापरली जाते याची मोजमापं त्यांनी घेतली. तिच्यातून होणाऱ्या वाचनांपैकी सुमारे ६७ टक्के वाचनं चार किलोबाइट किंवा त्याहून लहान निघाली. एनटीएफएसमध्ये जागेचा सर्वांत लहान गट, म्हणजे क्लस्टर, घरगुती संगणकावर सहसा चार किलोबाइटचाच असतो. तेव्हा ज्या वाचनाला एकच क्लस्टर लागतो, त्याला त्या फाइलचे दोन तुकडे असोत की दोनशे, काय फरक पडणार? ते वाचन एकाच जागी सुरू होतं आणि तिथेच संपतं. पेजफाइलला सलग करून वेग वाढतो हा तुमचा दावा या एका आकड्यावर फुटतो. उरली हायबरफिल. ती विस्कटली असेल, तर हायबरनेशन बंद करून पुन्हा चालू केलं की जुनी जाते आणि नवी बनते. त्याला ड्रायव्हर लागत नाही, परवाना लागत नाही आणि तुम्हीही लागत नाही.

बाकीच्या फाइलींचं काम तर विंडोज कधीपासून स्वतःच करते आहे. व्हिस्टापासून डिफ्रॅग आठवड्यातून एकदा आपोआप चालू लागलं. तेव्हा ठरलेली वेळ होती बुधवारी मध्यरात्रीनंतर एक वाजता, संगणक बंद असेल तर पुढे केव्हा तरी. त्याच वेळी आणखी एक शहाणपणाचा निर्णय झाला: ६४ मेगाबाइटपेक्षा मोठे तुकडे जोडत बसायचं नाही, कारण एवढा मोठा तुकडा एकसलग वाचून झाल्यावर डोक्याची एक उडी खिजगणतीतही नसते. तुमच्या नकाशात मात्र तोही तुकडा लाल. जे दुखणं नाही त्याचा रंग लाल करायचा आणि मग तो निळा केल्याचे पैसे घ्यायचे. याला फसवणूक म्हणतात.

एसएसडीवर तर तुम्ही हद्द केलीत. तिथे तबकडी नाही, डोकं नाही, थांबणं नाही. पडद्यावरच्या नकाशात शेजारी दिसणारे दोन चौकोन प्रत्यक्ष चिपवर कुठे आहेत हे विंडोजला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही. ते एसएसडीचा स्वतःचा कंट्रोलर ठरवतो आणि झीज सारखी व्हावी म्हणून सतत बदलत राहतो. म्हणजे तुम्ही ज्या चौकोनांची रांग लावता ते प्रत्यक्षात रांगेत येतच नाहीत. पदरात पडतात ती फक्त वाढीव लेखनं, आणि फ्लॅशच्या पेशी किती वेळा लिहू देतील याला मर्यादा आहे. एका डिफ्रॅगने एसएसडी मरत नाही, असा बागुलबुवा मी उभा करणार नाही. विंडोज स्वतःही काही परिस्थितीत एसएसडीवर अधूनमधून थोडं डिफ्रॅग करते, कारण तुकड्यांच्या नोंदी फार वाढल्या तर फाइलव्यवस्थेलाच जड जातं. पण ते कधी आणि किती करायचं याचा हिशोब तिच्याकडे आहे. एरवी ती एसएसडीला ट्रिमचा आदेश देते, म्हणजे कुठली जागा आता वापरात नाही एवढं कळवते, आणि बाजूला होते. तुमचा प्रोग्रॅम मात्र रोज रात्री चालण्याची परवानगी मागतो.

एका नुकसानाबद्दल मला तुमच्याशी जास्त बोलायचं आहे, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. विंडोज मागच्या स्थितीत परतण्यासाठी रिस्टोअर पॉइंट ठेवते, आणि त्यासाठी डिस्कचे जे भाग बदलतात त्यांची जुनी प्रत बाजूला काढते. या साठ्याला ठरावीक जागा असते. ती भरली की सर्वांत जुना पॉइंट पुसला जातो. आता एखाद्या प्रोग्रॅमने काही न विचारता अर्धी डिस्क इकडची तिकडे केली, तर विंडोजला वाटतं की एवढं सगळं बदललं. ती प्रती काढत सुटते, साठा भरतो, जुने पॉइंट एकामागोमाग एक उडतात. विंडोजचं स्वतःचं डिफ्रॅग हे ओळखून वागतं. तुमचं वागत नाही.

आमचे काका निवृत्तीनंतर सोसायटीचे खजिनदार झाले. वर्षाचा हिशोब एका एक्सेल फाइलमध्ये, संगणकावर विंडोज ७. एके दिवशी चुकून त्याच फाइलवर भलताच मजकूर सेव्ह झाला. विंडोज ७ मध्ये फाइलवर राइट-क्लिक करून तिची जुनी आवृत्ती परत आणता येते, आणि ती याच साठ्यातून येते. आम्ही पाहिलं, तर यादी रिकामी. आदल्या आठवड्यात तुमच्यासारख्याच एकाने ‘संरक्षित फाइलींसह संपूर्ण डिफ्रॅग’ उरकलं होतं, आणि अभिनंदनाची हिरवी खूण अजून पडद्याच्या कोपऱ्यात होती. काकांनी पावत्यांच्या चळतीवरून हिशोब पुन्हा लिहिला. सत्तरीतल्या माणसाला ते काम तुम्ही लावलंत, आणि वर त्यांच्याकडून परवान्याचे पैसे घेतलेत. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

हे सगळं तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमचा माल वेग नाहीच, भीती आहे. त्या भीतीची किंमत एकदा ठरलीही आहे. २०१९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांशी एकूण साडेतीन कोटी डॉलरची तडजोड केली. आयोगाचा आरोप असा होता, की दुकानातल्या तपासणीत गिऱ्हाइकाला आधी चार प्रश्न विचारले जात: संगणक मंद झाला आहे का, वगैरे. एकाही प्रश्नावर ‘हो’ची खूण पडली, की प्रोग्रॅम व्हायरसची लक्षणं सापडल्याचं सांगायचा. यंत्रात काय आहे याच्याशी त्या निकालाचा संबंधच नव्हता. त्याआधी २०१८ च्या मार्चपासून मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरनेही, धमकावणारे संदेश दाखवून पैसे काढणाऱ्या सफाई-प्रोग्रॅमांना नकोसं सॉफ्टवेअर ठरवून काढून टाकायला सुरुवात केली. तरीही तुम्ही आहात. नाव बदलून, रंग बदलून, दुसऱ्या कुठल्या तरी मोफत प्रोग्रॅमच्या पाठीवर बसून येता.

खरोखर मंद झालेला संगणक मला दाखवा, मी कारणं दाखवतो. रॅम चारच जीबी आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब. सुरू होतानाच पंधरा प्रोग्रॅम उठून बसलेले, त्यातले दोन तुमचे. डिस्क काठोकाठ भरलेली. किंवा हार्ड डिस्कच मरायला टेकलेली, आणि अशा डिस्कवर तासन् तास डिफ्रॅग चालवणं म्हणजे तिचे उरलेले श्वास वापरून टाकणं. तिच्यावरून आधी फोटो आणि कागदपत्रं काढून घ्यायची असतात. यातलं एकही कारण पेजफाइलच्या तुकड्यांत नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साधी एसएसडी बसवली, तर दहा वर्षांचा संगणकही पुन्हा कामाचा होतो. 

तेव्हा ते वाक्य पडद्यावरून काढा. पेजफाइल, मास्टर फाइल टेबल, रजिस्ट्री यांना हात लावू नका. नकाशा दाखवायचाच असेल, तर त्यात एसएसडी आहे की हार्ड डिस्क ते मोठ्या अक्षरांत लिहा, आणि काम सुरू करण्याआधी बॅकअप आहे का ते विचारा. एवढं केल्यावर तुमच्याकडे विकायला काय उरतं, ते तुम्ही बघा.

आणि ज्यांच्या घरी असा प्रोग्रॅम बसलेला आहे त्यांना विनंती: आजच तो काढून टाका. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अ‍ॅप्स’ उघडा, त्याचं नाव शोधा, अनइन्स्टॉल करा; जाताना तो ‘तुमचा संगणक असुरक्षित होईल’ असं म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. मग महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिफ्रॅगचं काम विंडोजवर सोडा, ती ते करते आहे.