दोघांत मिळून अर्धं तिकीट

साहित्य संमेलनाला जाणार म्हटलं की घरातले पहिल्यांदा विचारतात, "तिथं तुझं काय काम?" कवीला तिथं काम असतं, प्रकाशकाला असतं, मंत्र्याला तर असतंच असतं. नुसतं वाचणाऱ्यानं, त्यातून कॉलेजातल्या पोरीनं, तिथं कशाला जायचं हे पेठ वडगावात पटवून देणं अवघड. पण आमच्या घरात आबा आहेत, आणि आबा १९७४ साली सायकल मारत इचलकरंजीच्या संमेलनाला गेले होते. संमेलन पन्नासावं, गाव आमच्याच हातकणंगले तालुक्यातलं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. तेव्हापासून आबा कुठल्याही समारंभाला इचलकरंजीचंच माप लावतात. लग्नाचा मांडव असो, यात्रेतला तमाशा असो की निवडणुकीची सभा, शेवटपर्यंत बसतात आणि उठताना म्हणतात, "बरं झालं. पर इचलकरंजीची सर न्हाई."

नव्व्याण्णवावं संमेलन साताऱ्याला, १ ते ४ जानेवारी २०२६. अध्यक्ष 'पानिपत'कार विश्वास पाटील, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे, शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे. मी शनिवार धरला. रविवारी परतणं जोखमीचं, कारण सोमवारी वडगावचा बाजार, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी आमच्या घरात साहित्याचं नाव काढलेलं चालत नाही. आबांनी मात्र हिशेब वेगळा मांडला. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्याला माफ. "म्हंजे दोघांत मिळून अर्धंच की गं! एवढ्यात साहित्य काय, साताराबी बघून हुतंय." असं म्हणून त्यांनी ठेवणीतला फेटा बाहेर काढला.

वडगाव ते वाठार वडापनं गेलो. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि वडाप भरलं म्हणजे नक्की काय, हे चालकाशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. वाठारच्या फाट्यावर पुण्याकडं जाणारी एसटी मिळाली. कंडक्टरनं आबांचं आधार कार्ड बघितलं, मग आबांकडं बघितलं, मग पुन्हा कार्ड बघितलं. आबा खूश. पंचाहत्तरीचा माणूस तसा दिसत नाही, हे सरकारी माणसाकडून कबूल करून घेण्याचा त्यांना हा एकच मार्ग उरला आहे.

किणीचा टोल नाका गेला, घुणकी गेली आणि वारणेच्या पुलावर आबा उठून उभे राहिले. "हद्द वलांडली बघ. १७३१चा तह. हितनं पल्याड सातारची गादी, अल्याड आपली." पुढच्या बाकावरच्या माणसानं घाबरून पिशवी जवळ ओढली. मग आबा धनाजी जाधवांवर आले. सेनापतींची समाधी आमच्या वडगावात आहे. हे धनाजी ताराराणींचे सेनापती, पण शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तसे ते खेडच्या लढाईत महाराजांना मिळाले. "म्हंजे वडगावातनं साताऱ्याला जायाचा रिवाज जुनाच हाय," असा आबांनी निकाल दिला आणि बसले.

कामेरीच्या पुढं एक गृहस्थ चढले ते पिशवीभर स्वतःच्या कवितासंग्रहासह. संमेलनाचा रस्ता असला की एसटीत असे एकदोघं सापडतातच. त्यांनी आबांच्या फेट्याकडं बघितलं आणि पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून एक प्रत आबांच्या हातात दिली. आबांनी पुस्तक हात लांब करून धरलं, मागंपुढं केलं.

"ह्यात गोष्ट कुठनं सुरू हुती?"

"कविता आहेत आजोबा. मुक्तछंद."

"असं व्हय. म्हंजे दावं सोडलंय."

कवी कौतुकानं हसले. ही दाद आहे असं त्यांना वाटलं. तेवढ्यात रस्त्याकडेला नेर्ल्याची पाटी दिसली आणि कवींनी खिडकीतून हात दाखवला, "हेच अध्यक्षांचं गाव!" आबा ताडकन म्हणाले, "न्हाई. ते आमच्या जिल्ह्यातलं. हे सांगलीचं, वाळवा तालुक्यातलं." एकाच नावाची दोन गावं आणि अध्यक्ष एक. वाद कासेगावपर्यंत चालला. शेवटी कवींनी मोबाइलवर शोधून पाहिलं आणि कऱ्हाड येईपर्यंत ते गप्प बसून राहिले.

कऱ्हाडला पोचायलाही वेळच लागला. महामार्ग सहापदरी होतोय, त्यामुळं गाडी सरळ कमी आणि वळणानं जास्त चालते. बाहेर डंपर, आत धूळ. पण कऱ्हाड नुसतं खिडकीतून बघून सोडायचं गाव नाही. १९७५ साली, ऐन आणीबाणीत, इथल्या संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत होत्या. गाव यशवंतराव चव्हाणांचं आणि यशवंतराव तेव्हा केंद्रात मंत्री. अशा ठिकाणी दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. संमेलनाध्यक्ष काय करू शकतो, असं विचारणाऱ्यानं कऱ्हाडला उतरावं. आम्ही उतरलो नाही. अर्ध्या तिकिटात मध्ये उतरणं आबांना परवडण्यासारखं नव्हतं.

साताऱ्यात स्टँडवरून गर्दीच्या मागं मागं चालत गेलं की शाहू स्टेडियम. रांगोळ्या, पताका, फेटे, नऊवाऱ्या आणि जिथं तिथं फोटो काढणारी माणसं. पुस्तकाच्या पानासारखा दिसणारा एखादा फलक दिसला की त्याच्यापुढं रांग. आबाही रांगेत उभे राहिले. आपण कशाच्या रांगेत आहोत हे त्यांना नंबर आल्यावर कळलं, पण फोटो झकास आलाय.

मी आधी ग्रंथप्रदर्शनात शिरले. वडगावात बसून यादीवर नावं लिहून ठेवायची आणि कोल्हापूरला कोण गेलं की त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची, अशा रीतीनं वाचणाऱ्या माणसाला एकदम एवढी पुस्तकं दिसली की आधी पाय थरथरतात, मग पैशाचं पाकीट. माझ्याच वयाची पोरं गाळ्यांपुढं उकिडवी बसून खालच्या खणातली पुस्तकं उपसत होती. मी 'कोसला' घेतली, दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' घेतलं आणि शंकर पाटलांचा 'वळीव' हातात धरून उभी राहिले, कारण बजेट संपलं होतं.

"कुणाचं हाय?" आबांनी विचारलं.

"शंकर पाटलांचं. पट्टणकोडोलीचे."

तालुक्यातलं गाव ऐकल्यावर आबा व्यवहारात उतरले. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. हातावर टॉवेल टाकतात आणि त्याच्याखाली बोटं धरून आकडा सांगतात. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि गाळ्यावरच्या पोराच्या हातावर टाकला. पोरगं पुण्याकडचं असावं. संमेलन म्हटल्यावर त्याला वाटलं सत्कारच होतोय. त्यानं वाकून नमस्कार केला. आबा टॉवेलखाली त्याची बोटं शोधतायत आणि तो हात जोडून धरतोय, असं बराच वेळ चाललं. शेजारच्या गाळ्यावरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. शेवटी पोरगं म्हणालं, "आजोबा, सूट तिथं लिहिलीय की."

"ती सगळ्यास्नी हाय. माझी येगळी सांग."

'वळीव' आणखी वीस रुपयांनी उतरला. सत्काराचा परिणाम असणार.

दुपारी एका परिसंवादाला बसलो. वक्ते तळमळीनं सांगत होते की हल्लीची तरुण पिढी वाचत नाही. हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे, आणि दरवेळी ते ऐकायला सगळ्यात आधी येऊन बसते ती वाचणारी तरुण पिढीच. आबा झोपले होते, पण टाळ्या बरोबर जागेवर वाजवत होते. वक्त्यांनी तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटल्यावर मात्र ते जागे झाले आणि शेजारच्या गुरुजींना म्हणाले, "ही वाचती की! हिची पिशवी उचलून माझा खांदा उतरलाय. त्यास्नी म्हणावं हमालाला विचारा." गुरुजी इतके हसले की पुढच्या तीन रांगा आमच्याकडं वळल्या, आणि आम्ही कंदी पेढे घ्यायचं निमित्त करून उठलो.

माझ्यापुरतं सांगायचं तर मांडव बघायला एक तास पुरतो, ग्रंथप्रदर्शनाला दिवस अपुरा पडतो. नुसते वाचक असाल तर बिनधास्त जा, तिथं आपलंच काम जास्त आहे. जाताना कापडी पिशवी घ्या, सुटे पैसे घ्या, आणि घरात टॉवेलवाला माणूस असेल तर तोही घ्या. आणि हो, शंकर पाटलांचा जन्म १९२६चा, म्हणजे २०२६ हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. 'वळीव' वाचायचा राहिला असेल तर यंदा वाचून टाका.