आवाज येतोय, ऐका

शंभर-दीडशे रुपये मजुरी वाचवायला माणूस काय काय करतो हे बघायचं असेल, तर रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकवावं. तिथे एक गृहस्थ बनियन-बर्म्युड्यावर मांडी घालून स्प्लेंडरच्या पोटाखाली बघत बसलेला असतो. शेजारी नाना पेठेतून आणलेलं १०डब्ल्यू-३० ऑइल, १७ नंबरचा पाना, तेलाचा रिकामा कॅन आडवा कापून केलेलं तसराळं आणि कालची पुरवणी. पुरवणी वाचायला नाही. फरशीवर डाग पडला तर चेअरमन बोलतात म्हणून.

हा मेकॅनिक नसतो. बहुधा बँकेत असतो. पण गॅरेजवाले ऑइल बदलतच नाहीत, नुसते पैसे घेतात, यावर त्याची अढळ श्रद्धा. काम मात्र टापटीप. आधी इंजिन थोडं तापवणार, म्हणजे जुनं ऑइल पातळ होऊन झकास उतरतं. ड्रेन बोल्टचा वायसर पुसून उजेडात धरणार. जळकं ऑइल पाण्याच्या बाटलीत भरून ‘वाळवीला उपयोगी पडतं’ म्हणत जिन्याखाली ठेवणार. तिथे अशा बाटल्यांची रांग लागली आहे. वाळवी मात्र सोसायटीत अजून कुणी पाहिलेली नाही. शेवटी हाताबरोबर सायलेन्सरचा गार्डही उतरवून, चकाचक पुसून लावणार. इथवर सगळं ठीक. मग तो किक मारतो.

“आवाज येतोय.”

आपण कान देतो. आपल्याला स्प्लेंडर ऐकू येते.

“तो नाही हो. त्याच्या आतला.”

एरवी हीच गाडी वर्षभर खडखडली तरी त्याला पत्ता नसतो. पण स्वतःच्या हाताने बोल्ट फिरवला की कान भलतेच तिखट होतात. लांब स्क्रूड्रायव्हर येतो. टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला. मुलगा रेस देतो आणि हा डोळे मिटून, सवाई गंधर्वला पुढच्या रांगेत बसल्यासारखी मान हलवतो. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर दुखणं क्लचकडे. इंजिन बंद करून उतारावर सोडली तरी आला, तर चाकाकडे किंवा चेनकडे. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक ठोका पडला, तर टॅपेट. कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. हे सगळं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त मिनिटाला १४०० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाचे ठोके आपण कानाने मोजले, हे त्याचं म्हणणं तेवढं सोडून द्यावं.

मग डिपस्टिक. स्प्लेंडरची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, तीही मेन स्टँडवर. हा एकदा टेकवून बघतो, एकदा आवळून बघतो आणि दोन्हींची सरासरी काढतो. बँकेतला ना!

एव्हाना प्रेक्षक जमलेले असतात. दुसऱ्या मजल्यावरचा बुलेटवाला चहाचा कप घेऊन विचारतो, “कारचं ऑइल नाही ना टाकलंस? क्लच स्लिप होईल हां.” बाइकचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे शंका रास्त. पण ती विचारून तो वर निघून जातो आणि हा कचऱ्यातला डबा काढून त्यावरची ‘जासो एमए’ ही अक्षरं शोधत बसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका म्हणतात, “वय झालं की वाजायचंच.” गॅलरीतून हाक येते, “अहो, पोहे गार झाले!” पोह्यांना ओ मिळत नाही.

सोमवारी ऑफिसला जाता जाता गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे. तो स्क्रूड्रायव्हर घेत नाही, डोळे मिटत नाही. सायलेन्सरच्या गार्डवर नुसता पाय टेकवतो. आवाज बंद.

“स्क्रू ढिला राहिलाय. कुणी खोललं होतं?”

“ते… ऑइल बदललं ना काल. तिकडे एकाने.” गृहस्थाचा हात साधारण कात्रजच्या दिशेने जातो.

“परत त्याच्याकडे गाडी देऊ नका, काका. धड कामं करत नाहीत हे लोक.”

“छे छे! आता कसली देतोय!”

मेकॅनिक स्क्रू आवळतो, पैसे नको म्हणतो. गृहस्थ हेल्मेट चढवतो, किकवर पाय ठेवतो आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारतो, “पुढच्या शॉकपमध्ये ऑइल किती बसतं हो?”