कंसमामा

मंडळीत त्यांना सगळे कंसमामा म्हणतात. भाच्यांशी त्यांचं वैर नाही. आहे ते उघड्या राहिलेल्या कंसाशी. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून हयात गेली. निवृत्तीनंतर पवित्र शास्त्राची सॉफ्टवेअरं आली आणि चुका काढायला मामांना नवं रान मिळालं.

शनिवारी रात्री, उपदेशाची जुळवाजुळव चालू असताना, पाळकांचा फोन येतो. "मामा, शोधात योहान 3:16 टाकलं, तर म्हणतं सापडत नाही! अख्ख्या बायबलात?"

"पाळकसाहेब, आत ल्यूसीनचं शोधयंत्र आहे. अपूर्णविरामाच्या डावीकडचं ते खान्याचं नाव समजतं. '3' नावाच्या खान्यात '16' शोधतंय बिचारं."

मग पाळकांच्या बाकीच्या शोधांची तपासणी. अँड, ऑर कॅपिटलमध्येच हवेत. शब्दाची सुरुवात ताऱ्याने करायची नाही. शेवटी लावाल तर जपून, कारण 'देव*' म्हटलं की देवदूत, देवालय सगळेच धावत येतात. अवतरणचिन्हं सरळ हवीत, वर्डमधून डकवलेली बाकदार नकोत. "आणि 'आशा'च्या आधी कंस उघडलात, तो मिटला कुठे? रात्री दार सताड उघडं टाकून झोपता का?" कंस मिटतो, वचन सापडतं. पाळक ते मोठ्याने वाचू लागतात, तोवर मामांनी फोन ठेवलेला असतो. वचनात त्यांना दुरुस्त करण्याजोगं काही नसतं.

त्यांचा आदर्श अलेक्झांडर क्रूडन. तोही मुद्रितशोधक. इंग्रजी बायबलची शब्दसूची त्याने एकहाती रचून 1737 साली छापली. पुढे स्वतःला 'सुधारक' म्हणवत, भिंतींवरचा न पटणारा मजकूर स्पंजने पुसत तो लंडनभर हिंडला. हे कळल्यापासून मामींनी घरातला स्पंज लपवून ठेवला आहे.

परवा उपासनेत पाळकांनी प्रार्थना केली, "प्रभू, या आजाऱ्याला आरोग्य किंवा धीर दे." बाहेर पडताच मामांनी त्यांना गाठलं. "'किंवा' कशाला? दोन्हींतलं एक दिलं की मागणी पुरी झाली. 'आणि' म्हणायचं."

पाळक वैतागले. "मामा, देव म्हणजे काय सॉफ्टवेअर आहे?"

"नाही ना! सॉफ्टवेअर निदान चूक तरी दाखवतं."