बिबट्या दिसल्यास आधी काय करावे
(बदलीवर आलेल्या नवागतांसाठी अल्प मार्गदर्शिका)

पुण्या-मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला बदली झाली की नातेवाईक परदेशी निघाल्यासारखा निरोप देतात. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, मे महिन्यात ऊन कसं असतं, हे सगळे सांगतात. प्राण्यांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील नियम देत आहोत. सर्व नियमांचं मूळ सूत्र एकच आहे. प्राण्याची भेट काही सेकंदांत आटोपते, उरलेला कार्यक्रम माणसांचा असतो.

१. वानर
दौलताबाद, वेरूळ, अजिंठा या ठिकाणी काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर आपली वाट पाहत असतात. आपली म्हणजे आपल्या पिशवीची. किल्ल्याच्या पायथ्याशी घेतलेली सीताफळं वर नेऊन निवांत खाऊ, असा बेत करणाऱ्याने ती दानधर्मात धरून चालावीत. वानर आधी पिशवीकडे बघतो, मग तुमच्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे. तिसऱ्या नजरेनंतर मालकीहक्क बदललेला असतो. ओढाताण करू नये, दात दाखवून हसू नये (त्यांच्यात ती धमकी समजली जाते) आणि 'बिचाऱ्याला भूक लागली असेल' म्हणून बिस्किट देऊ नये. आज दिलेलं बिस्किट तो उद्या दुसऱ्या कुटुंबाकडून वसूल करतो.

२. आग्या मोहोळ
लेण्यांचे कडे आणि जुने बुरूज या मधमाशांना फार आवडतात. त्या अत्तर लावत नाहीत. आपणही लावू नये. धूर, दगड आणि मोहोळाखाली उभं राहून मारलेल्या आरोळ्या वर्ज्य. एक माशी चावली की तिच्या नांगीतून सुटणारा गंध बाकीच्यांना ठिकाण कळवतो. म्हणून हात हलवत जागेवर नाचू नये. तोंड झाकून सरळ पळत सुटावं आणि बंद खोली किंवा गाडी गाठावी. कोणत्याही वयात, कोणत्याही हुद्द्यावर पळण्यास परवानगी आहे.

३. साप
पावसाळ्यात नव्या वसाहतीत घर घेतलं असेल तर ही भेट गृहीत धरा. साप निघताच चार तज्ज्ञ उपलब्ध होतात. एक काठी आणतो, दुसरा व्हिडिओ काढतो, तिसरा 'नागच आहे' असं छातीठोक सांगतो आणि शेजारच्या काकू विचारतात, ''वहिनी, दूध ठेवायचं का वाटीत?'' ठेवू नये. साप दूध पिणारा प्राणी नाही.

बहुतेक वेळा तो बिनविषारी असतो. सर्वांत जास्त गोंधळ कवड्या आणि मण्यार यांत होतो. कवड्याचे पांढरट पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक पट्टे पुढच्या भागात फिके किंवा गायबच असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. हे ज्ञान वाकून, जवळून पडताळायचं नसतं. सापावर लांबून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला फोन करावा.

दंश झालाच तर गंमत संपली. कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. तो अवयव हलू न देता थेट घाटी रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. त्यामुळे पुराव्यादाखल साप पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि फारसा दुखतही नाही. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हे वाक्य म्हणून तर जीवघेणं आहे.

४. बिबट्या
३ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सिडको एन-१ भागात, काळा गणपती मंदिराच्या परिसरात बिबट्या आला. वनखात्याच्या पथकाने त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन पकडलं. जुलै २०२४ मध्ये दुसरा एक उल्कानगरीत आणि मग प्रोझोन मॉलजवळ कॅमेऱ्यात दिसला. पिंजरे लागले, पथकं फिरली. पाहुणा पिंजऱ्यात काही आला नाही.

समोर आल्यास पाठ दाखवून पळू नये, खाली बसू नये, लहान मुलांना उचलून घ्यावं, त्याला जायला वाट सोडावी. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा. घराच्या गच्चीवर, झाडावर आणि एकमेकांच्या खांद्यावर चढून त्याला घेराव घालू नये. घेरलेला बिबट्या नाइलाजाने माणसाच्या अंगावरून वाट काढतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीत नरभक्षक ठरतो.

५. वृत्तांत
खरी कसोटी भेटीनंतर लागते. उल्कानगरीत दिसलेलं मांजर गारखेड्यात बिबट्या होतं आणि वाळूजला पोहोचेपर्यंत दोन बछडी सोबत घेतं. म्हणून ग्रुपवर टाकण्यापूर्वी ठसा बघावा. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. ठशात नखं उमटली असतील तर तो कुत्रा.

सांगण्याची खाज जुनी आहे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. आपण आल्याचं जगाला कळावं म्हणून त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव आणि तारीख कोरली. तेव्हा स्टेटस ठेवायची सोय नव्हती. आता आहे, खांब सोडावेत.

याच्या उलट आदर्श २०२१ मध्ये घालून दिला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत गौताळा अभयारण्यात आला. इतक्या गावांच्या शिवारांतून त्याने केलेल्या प्रवासाची वाच्यता ट्रॅप कॅमेऱ्याने केली, वाघाने नाही.

६. अपवाद
रात्री अकरानंतर दुचाकीच्या मागे लागणारी टोळी या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही. तो वन्यप्राणी नसून गल्लीतला कुत्रा आहे. १९२६ लावल्यास महापालिकेचं नाव सांगितलं जाईल. गाडी हळू करावी, लाथ मारू नये, चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस घ्यावी.

बिबट्याची चर्चा होती तेवढे दिवस आमच्या गल्लीत ही टोळी फिरकली नाही, असं काही रहिवासी दबक्या आवाजात सांगतात. शहरात आलेला बिबट्या कुत्र्यांवरच गुजराण करतो, हेही खरं. तरीसुद्धा त्याला परत बोलावण्यासाठी अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, ही चौकशी वनविभागात करू नये.